दोन माणसांची गाडी

एखाद्या वाहनावर किती माणसे बसू शकतात, हा प्रश्न पुण्यात कारखानदाराने सोडवायचा नसतो. तो घरातल्या कर्त्या माणसाने लग्नकार्याच्या दिवशी सोडवायचा असतो. सायकल एका माणसाची, हे ती बनवणाऱ्याचे मत. आमच्या लहानपणी तिच्या दांडीवर एक, कॅरियरवर एक आणि हँडलला दळणाचा डबा, असा संसार चालत असे. पुढे आकुर्डीहून बजाजच्या स्कूटरी निघू लागल्या. १९७२ साली ‘चेतक’ आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसले. कागदोपत्री तीही दोघांचीच. पण पुढे उभा धाकटा, मग वडील, मधे थोरली, मागे आई आणि आईच्या मांडीवर तान्हे, असे पाच जण एका स्कूटरवरून सारसबागेपाशी उतरताना पाहून कोणाच्या भुवया कधी उंचावल्या नाहीत. ‘जरा सरकून घ्या’ या तीन शब्दांवर आपली सारी वाहतूक उभी आहे.

अशा या गावात बरोबर दोन माणसे बसतील आणि तिसरे कोणत्याही उपायाने बसणार नाही, अशी मोटार विकत घेणे म्हणजे समाजाच्या विरुद्ध जाणेच होय. मी ते धाडस साठाव्या वर्षी, एका सहकारी बँकेतली नोकरी संपवून घरी बसल्यावर केले. घरात माणसे पाच: माझी आई, आमची ही, मुलगा, मुलगी आणि मी. दारात सगळ्यांना पुरेल अशी एक शहाणी, करड्या रंगाची, चार दारांची गाडी उभी होतीच. गरज म्हणून काहीच नव्हते. आणि म्हणूनच, वाचकहो, ती वस्तू मला इतकी हवी होती.

या हव्यासाचे मूळ शोधायचे तर फार मागे जावे लागेल. दहा-अकरा वर्षांचा असताना लकडी पुलाच्या तोंडाशी मी छप्पर नसलेली एक जुनी एम. जी. पाहिली होती. आत एक गृहस्थ आणि एक बाई. मागे कोणी नाही, कारण मागे काही नव्हतेच. पिशव्या नव्हत्या, सतरंजी नव्हती, पाण्याचा फिरकीचा तांब्या नव्हता. दोन माणसे कुठलेही काम नसताना कुठेतरी चालली आहेत, हे दृश्य मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. आमच्या घरी दोन माणसे एकत्र बाहेर पडत ती फक्त दवाखान्यात जायला.

ती एम. जी. काही फार मोठी बलाढ्य गाडी नव्हती, हे पुढे वाचून कळले. दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, इंग्लंडात ‘टीसी’ नावाची एम. जी. निघाली. साडेबाराशे घनसेंटिमीटरचे इंजिन, चोपन्न अश्वशक्ती. पाचेक वर्षांत अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. युद्धासाठी इंग्लंडात आलेल्या अमेरिकन सैनिकांना या छोट्या उघड्या गाड्यांनी वेड लावले आणि अवाढव्य मोटारींच्या त्या देशात दोन माणसांच्या गाडीची आवड रुजली. हीच आवड ओळखून जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली ‘एमएक्स-५’ काढली. २०१६ साली तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. जगात दोन आसनांची इतकी खपलेली दुसरी क्रीडा-मोटार नाही. परदेशात एखादा शिक्षक किंवा पोस्टातला कारकून जुनी एमएक्स-५ घेतो, रविवारी धुतो आणि सोमवारी तिनेच कामावर जातो. आपल्याकडे ती विकायला आलीच नाही. एम. जी.चे नाव आता चिनी मालकीचे आहे. २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात, आणि २०२५ साली त्यांनी विजेवर चालणारी दोन आसनांची गाडी इथे विकायला आणली. तिची किंमत पाऊण कोटीच्या घरात. तेवढ्यात बिबवेवाडीत दोन माणसांना बसायलाच नव्हे, राहायलाही जागा मिळते.

मराठी माणसाने या दिशेने प्रयत्न केलाच नाही असे मात्र नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर घडवली. १९४९ सालचे तिचे पहिले रूप दोनच माणसांचे होते. सत्तरीच्या दशकापर्यंत ते ती सुधारत राहिले, पण कारखाना काही उभा राहिला नाही. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९८ च्या सुमारास, बंगळूरच्या सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ काढली. फायबरचे अंग, कॅनव्हासचा टप, आणि पुढे फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन. युरोपातल्या लहान घरगुती मोटारींत जे इंजिन बायकामाणसांना बाजारात नेई, तेच इथे वादळाच्या नावाने पळणार होते. या गाड्या फार खपल्या नाहीत. ‘सरकून घ्या’ म्हणणाऱ्या देशात खपणार तरी कशा? पण जुन्या बाजारात क्वचित एखादी निघते, आणि नव्या मोठ्या मोटारसायकलीला पडतात तेवढ्याच पैशांत पदरात पडते.

मला ती कोल्हापुरात सापडली. २००१ सालची, हळदीसारखी पिवळी. मालक निवृत्त डॉक्टर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. जायच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलाशी मी विषय काढला. मुलगी टाळ्या पिटू लागली. मुलाने मोबाइलवरून मान वर केली, एवढे त्याच्याकडून पुष्कळ होते. आई म्हणाली, “रंग चांगला आहे.” हिने आमटी वाढता वाढता एकच प्रश्न विचारला.

“दुसऱ्या जागेवर कोण बसणार?”

प्रश्न साधा होता. पण पंचवीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या बाईने तो विचारला होता, आणि अशी माणसे उत्तर येईपर्यंत फळ्यावरचा प्रश्न पुसत नाहीत.

जुनी गाडी कशी पारखावी याची माझी काही तत्त्वे आहेत. ती इथे सांगून टाकतो. सणासुदीला कोणाच्या उपयोगी पडली तर पडली. पहिले, गाडी थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच फिरवून गरम करून ठेवली असेल, तर चहा प्यावा, गप्पा माराव्या आणि ती निवू द्यावी. थंड इंजिन सुरू करताना मागच्या नळीकडे बघावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खाते. पांढरा धूर सुरू झाल्यावर थांबलाच नाही, तर पाणी कुठेतरी झिरपते आहे. तेलाचे झाकण उघडून आत पाहावे. तिथे खव्यासारखे काही दिसले, तर उठून घरी यावे. फायबरच्या गाडीला गंज चढत नाही म्हणून हुरळून जाऊ नये. अंग फायबरचे असले तरी खालचा सांगाडा लोखंडाचा असतो, आणि तो बघायला कपडे मळवून खालीच निजावे लागते. शेवटी सांगाड्यावरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहावा. गाडी खोटे बोलत नाही, कागद बोलतात.

डॉक्टरांची गाडी यातल्या बहुतेक परीक्षांत पास झाली. टप दोन ठिकाणी विरला होता, टायर दगडासारखे कडक झाले होते, आणि इंजिनातला रबरी पट्टा कधी बदलला होता ते त्यांना आठवत नव्हते. हा पट्टा अंतराने झिजतो तसा वयानेही थकतो. तो चालता चालता तुटू नये म्हणून आधी बदलायचा, एवढे मी मनात टिपून ठेवले. मग विचारले, “का विकता?”

ते गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “फार खाली आहे हो. बसता येतं, उठता येत नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “उठवायला शेजारी होती, तोवर चाललं.”

दुसऱ्या आसनावर एक छोटी उशी होती, पाठीशी ठेवायची, भरतकाम केलेली. ती त्यांनी उचलली, झटकली, आणि आत नेऊन ठेवली. किमतीची घासाघीस मग माझ्याच्याने झाली नाही. दोन लाख चाळीस हजारांवर सौदा ठरला. त्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि फाटकापर्यंत आले. मी गाडी सुरू केली तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, इंजिनाचा आवाज ऐकत होते.

आता मालकीचे सुखदुःख.

कायद्याच्या दृष्टीने पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटार म्हातारी होते. मग दर पाच वर्षांनी तिची प्रकृती तपासून नोंदणी पुढे चालू करावी लागते, आणि पर्यावरण कर निराळा. हे नूतनीकरण एकेकाळी सहाशे रुपयांत होई. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे पाच हजार झाले. संगम पुलाजवळच्या कचेरीच्या आवारात माझ्या पिवळ्या गाडीभोवती बरीच मंडळी जमली. एकाने विचारले, “काका, पिक्चरची आहे का?” दुसऱ्याने विचारले, “मागची सीट काढून टाकली का?” गाडी बंगळूरची आणि इंजिन फ्रान्सचे, हे सांगितल्यावर तिसरा समजुतीच्या सुरात म्हणाला, “म्हणजे पार्ट मिळत नसणार.”

त्याचे खरे होते. पार्ट मिळत नाहीत, मिळवावे लागतात. त्यामुळेच साठ वर्षांत न दिसलेले पुणे मला दोन वर्षांत दिसले. टप शिवून दिला तो रिक्षांचे टप शिवणाऱ्या एका कारागिराने. त्याने जुना टप उसवून जमिनीवर अंथरला, ब्लाउज बेतावा तसा नवा बेतला, आणि पाठीमागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीला अशी दुहेरी शिलाई घातली की मूळ कारखानदाराने येऊन शिकावे. पुढच्या बंपराला तडा गेला होता, तो फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याने जाळी आणि रेझिन लावून सांधला. इंजिनाकडे बघतो तो मार्केट यार्डाकडचा एक मिस्त्री. त्याचा जन्म भाजीच्या टेम्पोंत गेला. पहिल्या दिवशी बॉनेट उघडून तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, हिला चार सिलिंडर, चार प्लग, एक पट्टा. फ्रेंच असली म्हणून काय झालं?” पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या त्याने आपण होऊन बदलल्या. बुधवारी आणि रविवारी मी जुन्या बाजारात जातो. एकदा तिथे दरवाजाचे हँडल घ्यायला गेलो आणि पितळी अडकित्ता घेऊन आलो. पण आईला तो आवडला, तेव्हा ती फेरी फुकट गेली असे म्हणता येत नाही.

बिबवेवाडी ही उताराची वस्ती आहे. अप्परच्या डेपोपासून गंगाधामच्या चौकापर्यंत जमीन कुठे ना कुठे कलतेच. जुन्या गाडीच्या मालकाला हा उतार म्हणजे ईश्वराची कृपा. बॅटरी रुसली तर तोंड खाली करून गाडी सोडावी, दुसरा गिअर टाकावा, क्लच सोडावा. ती शिंकून सुरू होते. पण देवाने जे दिले ते महापालिकेने गतिरोधक घालून परत घेतले. माझी गाडी जमिनीपासून वीतभर उंच. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत सात गतिरोधक आहेत, आणि त्यांतला प्रत्येक मला तिरका चढून तिरका उतरावा लागतो, पालखीच्या भोयाने उंबरा ओलांडावा तसा. मागचा रिक्षावाला पहिल्या गतिरोधकावर हॉर्न वाजवतो, तिसऱ्यावर हसतो आणि सातव्यावर “सावकाश, काका” म्हणतो.

सोसायटीच्या सभेत मी एक ठराव मांडून पाहिला. ज्या गाडीला निम्मी आसने, तिला वाहनतळाचे भाडेही निम्मे असावे. चिटणीसांनी तो मतास टाकला. बाजूने एक मत पडले, विरुद्ध एकवीस. एकविसांत आमची ही होती.

कारण तिचा प्रश्न अजून फळ्यावरच होता. आणि ती स्वतः त्या जागेवर बसायला तयार नव्हती. “वाकून बसता येत नाही.” “केस उडतात.” “शाळेतल्या मुली बघतील.” कारणे रोज नवी, निकाल रोज तोच. तेव्हा दुसऱ्या आसनावर घरातली इतर माणसे पाळीपाळीने बसू लागली.

पहिली मुलगी. तिने वीस मिनिटांत साठ छायाचित्रे काढली, आणि ‘बाबा, तुम्ही तोंड मिटून चालवा, फोटोत दात येतात’ असा अभिप्राय देऊन ती उतरली. तिचा मान संपला.

मग आई. ती आता चौऱ्यांशीची आहे. रविवारी पहाटे सहाला, रस्ते मोकळे असताना, मी तिला अलगद आत बसवले. पदर डोक्यावरून घेऊन तिने हनुवटीखाली गाठ मारली आणि म्हणाली, “टांग्यासारखं आहे रे. फक्त घोडा पुढे दिसत नाही.” सातारा रस्त्याने कात्रजला गेलो, जुना घाट चढलो आणि बोगद्याच्या अलीकडे थांबलो. खाली पुणे धुक्यात होते. आई बराच वेळ पर्वतीची टेकडी शोधत होती. ती सापडल्यावर बोलू लागली.

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. आमच्या घरी त्याची गोष्ट कायम एका वाक्यात सांगितली जाई: वाडा गेला, माणसे राहिली. आई तेव्हा वीस वर्षांची. नारायण पेठेत बिऱ्हाड. पाणी येणार अशी आवई उठली, लोक पर्वतीकडे धावू लागले. आजोबांकडे एक सायकल होती. घरात सायकल न चालवता येणारी माणसे चार. पहिल्या खेपेला त्यांनी मामाला दांडीवर आणि मावशीला कॅरियरवर घेतले. दुसऱ्या खेपेला आजी. आजी कधी सायकलवर बसली नव्हती. तिला धोतराने आजोबांच्या कमरेशी बांधावे लागले. आई राहिली. ओसरीवर, काखेत दागिन्यांचे गाठोडे घेऊन. पाणी बोळाच्या तोंडाशी आले, मग पहिल्या पायरीला लागले. शेजारचे लोक “चल, चल” म्हणत होते, पण आजोबा सांगून गेले होते, ‘मी आल्याशिवाय हलू नकोस, चुकामूक होईल.’ ती हलली नाही. दुसऱ्या पायरीला पाणी लागले तेव्हा सायकलची घंटी ऐकू आली.

“तुला शेवटी का ठेवलं?” मी विचारले.

“सगळ्यात मोठी होते ना.” मग पदराची गाठ सोडून पुन्हा बांधत म्हणाली, “मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. पण माझ्या लग्नात रडले ते एकटे तेच.”

साठ वर्षे मी तिचा मुलगा आहे. ही गोष्ट मला माहीत नव्हती. घरात ती सांगायला तिला वेळ नव्हता असे नाही. पण घरात कायम तिसरे माणूस असते, चौथे असते, कुकरची शिट्टी असते. दोनच माणसांची जागा मिळाली आणि गोष्ट बाहेर आली. उतरताना ती म्हणाली, “पुढच्या रविवारी सासवडकडे जाऊ. मावशीचं सांगायचं राहिलंय.”

मुलाची पाळी श्रावणात आली. तो संगणकाच्या एका कंपनीत होता. घरी असे पण बोलत नसे. पाऊस उघडला होता, टप मागे टाकला होता. कात्रज ओलांडून खेड-शिवापूरच्या रस्त्याला लागल्यावर तो समोर बघत म्हणाला, “बाबा, मी दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली.”

उघड्या गाडीत एक सोय असते. एकमेकांच्या तोंडाकडे बघता येत नाही आणि वारा असल्याने मोठ्याने बोलावे लागते. त्यामुळे ओशाळवाणे बोलणेही स्पष्ट ऐकू येते. मी तिसरा गिअर टाकला.

“मग सकाळी डबा घेऊन कुठे जातोस?”

“लायब्ररीत. बी.एड.च्या प्रवेशाचा अभ्यास करतोय. मला शिकवायचंय. गणित.”

“फ्लॅटचा हप्ता?”

“आठ महिन्यांचे पैसे बाजूला ठेवलेत.”

मी चौथा टाकला. बँकेत छत्तीस वर्षे मी कर्जदारांचे चेहरे वाचत आलो. आठ महिन्यांचा हप्ता आधी बाजूला ठेवून मग नोकरी सोडणारा माणूस माझ्या टेबलासमोर क्वचितच येऊन बसला असेल. पुढच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हटले, “आईला कधी सांगणार?”

“तेच तर. पुढच्या रविवारी गाडी मला द्या. तिला घेऊन इथेच येतो.”

“ती बसत नाही गाडीत.”

“मग कसं सांगू?” तो खरोखरच अडचणीत पडला होता. घरात सांगता येते ही शक्यता त्याच्या लक्षातही आली नाही. शेवटी त्याने ते स्वयंपाकघरात, भजी तळताना सांगितले. ही तीन दिवस गप्प होती. चौथ्या दिवशी तिने कपाटातून आपल्या शिकवण्याच्या जुन्या वह्या काढल्या, पुसल्या आणि त्याच्या टेबलावर ठेवल्या. नोकरीबद्दल त्यानंतर आमच्या घरात कोणी बोलले नाही. त्रैराशिक कसे शिकवावे यावर मात्र अजूनही वाद चालतो.

आणि मग पाडवा आला. २०२४ चा, दोन नोव्हेंबरचा. ओवाळणी झाली, तबकात मी पाकीट ठेवले. ही म्हणाली, “पैसे नकोत. मला मार्केट यार्डात न्या. झेंडू संपलाय.”

“थोरली गाडी काढतो.”

“ती मुलगी घेऊन गेलीय मैत्रिणीकडे. तुमची काढा.”

मी किल्ली घेऊन खाली धावलो. मागून ही आली: नवी साडी, डोक्याला शाळेच्या सहलीत बांधते तो रुमाल, पायात चपलांऐवजी बूट. बुटांचे कारण मला कळले नाही. मी दुसरे दार उघडून धरले. ती आत बसली नाही. गाडीला वळसा घालून चालकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“किल्ली द्या.”

“तू चालवणार?”

“लायसन्स आहे माझ्याकडे. १९९८ चं. दर वेळी वेळेवर रिन्यू केलंय. कधी कोणी स्टिअरिंग दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.” मग थोडे हसून म्हणाली, “लग्नाआधी माझ्या लुनावर मागे बसतच होतात की. टिळक रोडवर मित्र दिसले की तोंडावर वर्तमानपत्र धरायचात.”

हे खरे आहे. १९७२ साली निघालेल्या त्या पन्नास सीसीच्या लुनेने पुण्यातल्या किती मुलींना पाय फुटले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आमच्या हिला फुटलेले मात्र मी मागच्या सीटवरून पाहिले होते.

मी दुसऱ्या जागेवर बसलो. पहिल्यांदाच. तिथून गाडी निराळीच दिसते. वेगाचा काटा दिसत नाही; चालवणाऱ्याचे हात दिसतात. हिने आरसा स्वतःला बेतून घेतला, क्लच दोनदा दाबून पाहिला आणि गाडी निघाली. पहिला गतिरोधक आला. मी “तिरकी” म्हणायला तोंड उघडले, तोवर ती तिरकी चढून तिरकी उतरलीही होती. दोन वर्षे गच्चीतून बघत होती म्हणे. सातव्या गतिरोधकानंतर तिने तिसरा टाकला, आणि तिच्या रुमालाची टोके माझ्या गालाला लागू लागली.

मार्केट यार्डाच्या फूलबाजारात गर्दी होती. पाच किलो झेंडू घेतला. या गाडीची डिकी म्हणजे डब्याच्या झाकणाएवढी. त्यात दोन किलो मावला, उरलेला माझ्या मांडीवर. येताना पिवळ्या गाडीत पिवळ्या फुलांखाली मी जवळजवळ दिसेनासा झालो होतो. पुष्पमंगल चौकात सिग्नलला शेजारी एक स्कूटर उभी राहिली. तिच्यावर चार माणसे होती. पुढे उभ्या असलेल्या छोट्याने आमच्याकडे निरखून पाहिले आणि बापाला विचारले, “यांच्यात बाकीचे कुठे बसतात?”

बापाला उत्तर सुचले नाही. हिने त्या मुलाला एक फूल दिले, आणि सिग्नल सुटला.

आता पाडव्यापासून ठरूनच गेले आहे. शनिवारी संध्याकाळी ती चालवते, मी बसतो. कधी कात्रज, कधी सिंहगडाचा पायथा, कधी नुसते मार्केट यार्ड. ती काय बोलते ते इथे लिहीत नाही. ते दोन माणसांच्या गाडीतले बोलणे आहे. आई रविवार सोडत नाही. मुलाचा प्रवेश झाला आहे आणि तो सुट्टीच्या दिवशी आत्याला, मामाला, ज्याच्या मनात काही अडले आहे असे त्याला वाटते त्याला, फिरवून आणतो. पट्टा बदलला, टप गळत नाही, टायर नवे आहेत. पुढची काच फुटली तर मिळेल की नाही हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही, म्हणून खडीच्या ट्रकमागून आम्ही कोणीच जात नाही.

परवा विम्याच्या नूतनीकरणासाठी नोंदणीचे पुस्तक काढले होते. त्यात आसनक्षमतेच्या रकान्यात लिहिले आहे, चालकासह दोन. मी ते हिला वाचून दाखवले. ती चष्मा न काढता म्हणाली, “बरोबर आहे. चालक कोण ते लिहिलेलं नाही ना?”

नाही. ते कुठेच लिहिलेले नाही.